नाव आणि आकडा

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. पितृपक्ष चालू होता. मालेगावात सायंकाळचा हरिपाठ आटोपला, टाळ खुंटीला लागले आणि मंडळी उठावयाच्या बेतात होती. तेवढ्यात जवळच्या खेड्यातला एक शेतकरी पुढे सरकला. वय पन्नाशीच्या आसपास, गळ्यात माळ, हातात कापडी पिशवी. बुवांच्या पायांवर डोके ठेवून तो म्हणाला,

"महाराज, एक इचारू काय? माह्या पणज्याचं नाव कोणालेच ठाव नाही. जुने लोक सांगत, तो लढाईत गेला, बसऱ्याले. तिकडंच मेला. आता पानावर वाढतो तवा बापाचं नाव घेतो, आज्याचं घेतो. पणज्याच्या जागी काय म्हणू?"

बुवा आमचे जाणते आहेत. त्यांनी शांतपणे समजूत घातली. ज्याची तिथी ठाऊक नाही त्याच्यासाठी सर्वपित्री अमावास्या आहे आणि ज्याचे नाव ठाऊक नाही त्याचाही विचार शास्त्राने केला आहे. देह नाशवंत, त्याची माती प्रारब्धात जेथे होती तेथे पडली. मग शेवटी ते म्हणाले, "नाम घ्यायचं ते एकाचंच. मेलेल्या माणसाच्या नावाचा एवढा घोर कशाला लावून घेतोस?"

त्याने मान डोलावली, पुन्हा पाया पडला आणि गेला. पण जाताना त्याचा चेहरा पाहिला तो मला मोकळा दिसला नाही. मला रात्री झोप लागेना. बुवांनी सांगितले त्यातले खोटे काहीच नव्हते. तरी ते पुरे पडले नाही, असे वाटत राहिले. ते का पुरे पडले नाही, याचा विचार मी बरेच दिवस केला. तो वाचकांपुढे ठेवतो. मी पंडित नाही, जन्मभर पाटी-पेन्सिलीत राहिलेला मास्तर आहे. चूकभूल दिसली तर जाणत्यांनी कान धरावा.

आधी बसरा म्हणजे काय ते पाहू. आमच्या वऱ्हाडात जुन्या बायकांच्या तोंडी हा शब्द काशी-रामेश्वरासारखा असे, एक फार लांबचे ठिकाण, जेथून माणूस परत येत नाही. १९१४ साली युरोपातल्या राजांचे आपसांत जुंपले आणि हिंदुस्थानातून सुमारे १३ लाख माणसे समुद्रापार गेली. सगळीच बंदूकवाली नव्हती. खेचरे हाकणारे, ओझी वाहणारे, धोबी, भिस्ती, रस्ते खणणारे, बंदरावर पोती उतरवणारे असे पुष्कळ होते. तुरुंगातले कैदीसुद्धा हमालीच्या टोळ्या करून मेसोपोटेमियात नेले. या साऱ्यांतली ७४ हजारांच्या आसपास माणसे मेली.

ती कशाला गेली असतील? साम्राज्याच्या प्रेमाने, असे त्या वेळचे साहेब लिहीत. शिपायाला महिना ११ रुपये मिळत. शेतात दुसऱ्याचे तण उपटणाऱ्या माणसाला ११ रुपये रोख म्हणजे काय, हे ज्याने सावकाराच्या ओट्यावर बसून वही पाहिली आहे त्यालाच कळेल. वऱ्हाडात तर १९१४ च्या हंगामात कापसाचा भाव कोसळला. माल परदेशी जायचा तो अडकला आणि कापूस घरात पडून राहिला. आता वऱ्हाडातून फौजेत जाणारे थोडेच होते, हे मान्य करावयास हवे. भरतीचा मुलूख म्हणजे सातारा, कोकण, नगर, पुणे. पण थोडे गेले म्हणून त्यांचे घर थोडे उजाडले असे होत नाही. ज्याच्या घरून एक गेला, त्याचा पूर्ण गेला.

त्या मेसोपोटेमियात कूत नावाचे गाव आहे, तैग्रिस नदीच्या वाकणात. पुण्याच्या नावाची सहावी डिव्हिजन तेथे १९१५ च्या डिसेंबरात तुर्कांच्या वेढ्यात सापडली. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिच्यात होत्या. वेढा १४७ दिवस चालला. दाणागोटा संपला तेव्हा सरकारने घोडे मारून त्यांचे मांस शिपायांना देऊ केले. गोऱ्यांनी खाल्ले. हिंदी शिपायांतल्या बहुतेकांनी कित्येक आठवडे त्याला हात लावला नाही. मग हिंदुस्थानातून धर्माधिकाऱ्यांच्या परवानग्या तारेने मागवल्या गेल्या, तरीही पुष्कळ जण उपाशीच राहिले. हिरड्या सुजल्या, पाय उचलेनात, माणसे पहाऱ्यावर उभ्या उभ्या पडू लागली. त्यांच्यात कोणी माळकरी होता की नाही, हे आज कोण सांगणार? पण परमुलखात, मरणाच्या दारात, घरचे कोणी पाहत नसताना आपला नेम सांभाळणारी ती माणसे होती. कीर्तनात आपण नेमनिष्ठेचे दाखले पुराणातले देतो. हा एक दाखला शंभर वर्षांपलीकडचाच आहे आणि तो कोणी देत नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत पडले. सुमारे १३ हजार लोक कैद झाले आणि वाळवंटातून चालवत नेताना त्यांतले हजारो रस्त्यातच गेले.

आता नावाचा मुद्दा. लढाई संपल्यावर इंग्रजांनी मेलेल्यांच्या स्मरणाचे मोठे काम हाती घेतले. त्यासाठी १९१७ सालीच एक आयोग नेमला होता. त्याचे तत्त्व असे की पद, वंश, धर्म पाहावयाचा नाही, मेलेले सगळे सारखे. तत्त्व चांगले होते, पण बसऱ्यात त्याचे काय झाले ते पाहा. १९२९ साली तेथे स्मारक उभे राहिले, ४० हजारांहून अधिक मृतांसाठी. त्यात गोऱ्या शिपायाचे नाव कोरले, मग तो साधा शिपाई असो की साहेब. हिंदी लोकांत मात्र अंमलदारांची तेवढी नावे कोरली आणि साध्या शिपायांचा हिशेब केला. अमक्या पलटणीचे आणखी इतके हिंदी शिपाई, संपले. पुढे १९९७ साली सद्दाम हुसेनने ते स्मारक उचलून वाळवंटात नेऊन बसवले, तेव्हा आकड्यालाही एका जागी थारा उरला नाही. हे सारे कोणा रागावलेल्या हिंदी माणसाने लिहिले असे समजू नये. त्याच आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये चौकशी करून कबुली दिली आणि क्षमा मागितली. आफ्रिका आणि आशियातल्या निदान १ लाख १६ हजार आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृतांचे स्मरण नावाने केले गेले नाही किंवा मुळीच केले गेले नाही, असे त्या अहवालात आहे.

आपल्याकडेही असेच. सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे, त्याला लोक मिलिटरी अपशिंगे म्हणतात. त्या एका गावाची ४६ माणसे पहिल्या महायुद्धात मेली. एका गावची ४६! आपल्या एखाद्या दिंडीत चालणारी निम्मी माणसे डोळ्यांपुढे आणा, म्हणजे अंदाज येईल. इंग्रज सरकारने तेथे स्मारक दिले. दुसऱ्याही कित्येक गावांत, चावडीच्या भिंतीत, एक संगमरवरी पाटी असते. या गावातून इतके गेले, त्यांतले इतके मेले, एवढाच मजकूर. नावे नाहीत. ज्या गावात जो तो दुसऱ्याला सात पिढ्यांनी ओळखतो, त्या गावाला आकडा सांगितला!

असो. आमच्या मालेगावात लहानपणापासून पारावर, वेशीत, शाळेत मी वावरलो, पण तसली पाटीसुद्धा मला कधी दिसली नाही. म्हणजे आमच्याकडे युद्धाने कोणाला मारले नाही काय?

आमची आजी वय सांगताना साल सांगत नसे. "मानमोडीच्या साली मी एवढी होती," असे म्हणून ती हात कमरेइतका धरी. मानमोडी म्हणजे १९१८ चा तो ताप. मान मोडून माणूस दोन-तीन दिवसांत आडवा होई. जूनमध्ये तो मुंबई बंदरात दिसला, जेथे लढाईची जहाजे ये-जा करीत होती. आश्विन-कार्तिकात तो खेड्यापाड्यांत शिरला. त्या साली पाऊसही लवकर गेला. ज्वारीचे भाव लढाईमुळे आधीच चढलेले, मीठ-कापड-घासलेट महाग आणि अंगात ताकद नाही. आजी सांगे, "एकाले जाळून आले का घरी दुसरा तयार. मंग जाळाले लाकडं भेटेनात. मंग न्यायाले माणसं भेटेनात." त्या वेळी आमचे गाव अकोला जिल्ह्यात होते. वाशिम जिल्हा वेगळा झाला तो १९९८ च्या १ जुलैला. सगळ्या हिंदुस्थानात ज्या प्रांतांवर या तापाचा घाला सर्वांत भारी पडला, त्यांत मध्यप्रांत-वऱ्हाड वरच्या ओळीत होता. देशभरात १९२१ च्या खानेसुमारीच्या हिशेबाने सव्वा कोटीच्या आसपास माणसे मेली. पुढच्या अभ्यासकांत कोणी हा आकडा याहून पुष्कळ वर नेतो. त्यांत बायका पुरुषांहून अधिक आणि त्या ऐन विशी-तिशीतल्या. आजाऱ्याची सेवा करणारी तीच, सर्वांच्या मागून जेवणारी तीच.

रणावर मेलेले ७४ हजार आणि घरात मेलेले सव्वा कोटी. एका शिपायामागे दीडशेहून जास्त माणसे घरच्या अंथरुणावर गेली. ताप काही तोफेतून सुटला नव्हता, हे मलाही कळते. पण तो जहाजांवरून आणि फौजांच्या गाड्यांतून जगभर फिरला आणि महागाईने खंगलेल्या अंगात शिरला. म्हणून युद्धात गावाचे काय गेले असे कोणी विचारले तर मी या माणसांना वगळू शकत नाही. बसऱ्याच्या शिपायाला निदान आकडा मिळाला. मानमोडीत गेलेल्या बाईला आमच्या गावात तोही मिळाला नाही.

येथे बुवांचा आक्षेप पुन्हा उभा राहतो, आणि तो वारकऱ्याने टाळू नये. देह जर नाशवंत आहे, आत्म्याला जर नाव नाही, तर या नावांचा सोस म्हणजे देहबुद्धीच नव्हे काय? मेलेल्याचे नाव दगडावर कोरले काय, न कोरले काय?

मी या प्रश्नाशी बराच अडलो. मग मंगळवेढ्याची आठवण झाली. चोखोबा कसे गेले हे आपणांस ठाऊकच आहे. मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीचे काम चालू होते आणि त्यांना त्या कामावर लावले होते. भिंत कोसळली आणि कामकरी तिच्याखाली गाडले गेले. शके १२६०, म्हणजे इसवी १३३८, असे परंपरा सांगते. पुढचे विशेष आहे. पंढरीहून नामदेवराय तेथे गेले. दगडमातीखाली किती जणांची हाडे एकमेकांत मिसळलेली! त्यांतून त्यांनी चोखोबांची हाडे निवडून काढली. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू येत होते ती चोखोबांची, अशी आपली श्रद्धा आहे. ती हाडे पंढरपूरला आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली.

आता विचार करा. देहाची असारता नामदेवांना आपल्याहून कमी कळत होती काय? तरी ते कोसळलेल्या भिंतीपाशी गेले. आत्मा अमर आहे, तेव्हा हाडे कोणाची का असेनात, असे ते म्हणाले नाहीत. वेठीच्या कामावर दुसऱ्याच्या भिंतीखाली मेलेल्या एका माणसाला त्यांनी ढिगातून वेगळे काढले, नावाने. आपण आषाढीला महाद्वारात उभे राहतो तेव्हा त्या निवडीपुढेच उभे असतो. म्हणून मला वाटते, स्वतःच्या नावाचा सोस ही देहबुद्धी खरी, पण दुसऱ्याच्या नावाची पुसापुस म्हणजे वैराग्य नव्हे. माझे नाव राहू नये असे मी म्हणू शकतो. तुझे राहू नये, असे म्हणण्याचा अधिकार मला कोणी दिला? बसऱ्याच्या दगडावर आकडा कोरणाऱ्या साहेबालाही कोणी विरक्त म्हणणार नाही.

याच कथेत एक टोचणीही आहे. चोखोबांबरोबर जे इतर मेले त्यांची नावे आपल्यालाही ठाऊक नाहीत. मी कधी विचारलीही नव्हती.

प्रारब्धाचेही तसेच. हा शब्द आपल्या तोंडी फार सहज येतो. ज्याचे दुःख त्याने, आपले मन सावरावयास, 'माझे प्रारब्ध' म्हणावे. त्यात मोठे बळ आहे. आजी म्हणे तेव्हा ते तिला शोभे, कारण तिने मानमोडीत आई आणि दोन भाऊ दिले होते. पण तिऱ्हाइताने दुसऱ्याच्या मरणावर 'त्याचे प्रारब्ध' म्हणणे ही निराळी गोष्ट आहे. तेथे तो शब्द सांत्वनाचा राहत नाही, हात झटकण्याचा होतो. शिवाय संचित आणि प्रारब्ध यांच्याबरोबर क्रियमाणही आहे, हे आपण विसरतो. धान्याचे भाव आकाशातून पडत नाहीत. भरतीचा अंमलदार यमाचा दूत नसतो, त्याला वरून किती माणसे हवीत त्याचा हुकूम आलेला असतो. युद्धकर्जाच्या वर्गणीसाठी पाटील दारोदार फिरला तो आपल्या पायांनी फिरला. हे सगळे कोणा ना कोणा माणसाने केलेले कर्म होते. ते मेलेल्याच्या खात्यावर प्रारब्ध म्हणून लिहून टाकले तर करणाऱ्याचे खाते कोरेच राहते. अशी हिशेबवही सावकाराच्या घरी शोभेल.

करणाऱ्यांत आपणही होतो, हे लिहिताना हात अडतो. पण लिहिलेच पाहिजे. महार समाजाची फौजेतली भरती इंग्रजांनी १८९० नंतर बंद केली होती. लढाईत माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११ नंबरची महार पलटण उभी केली आणि लढाई संपल्यावर, १९२१ पर्यंत, ती मोडून टाकली. गरज सरो आणि वैद्य मरो. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा माणसे हवी झाली, म्हणून १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. इंग्रजाला नावे ठेवणे सोपे आहे. पण ज्या दिवसांत मरणाचे दार या माणसांना उघडे होते, त्या दिवसांत आपल्या पांडुरंगाचे दार त्यांना बंद होते आणि ते इंग्रजाने बंद केले नव्हते. रणातून जिवंत परतलेला शिपाई पंढरीला गेला असेल, तर तो चोखोबांच्या समाधीपर्यंत जाऊन परत फिरला असेल. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण केले, त्यानंतर ते दार उघडले. दुसरे महायुद्ध संपून तोवर दीड वर्षाहून अधिक काळ लोटला होता. समता सांगणाऱ्या संप्रदायाच्या माणसाला हा हिशेब कोणत्याही प्रारब्धाने चुकवता येणार नाही.

दुसऱ्या युद्धाच्या आठवणी तर आमच्या वडिलांच्या पिढीच्या. भोकाचा पैसा त्याच काळातला, १९४३ सालचा. तांबे वाचवावे म्हणून सरकारने पैशाच्या पोटालाच भोक पाडले. आम्ही पोरे पुढे ते पैसे करगोट्यात ओवून खेळत असू. काळाबाजार हा शब्द खेड्यातल्या अडाण्याच्या तोंडी बसला तोही तेव्हाच. रेशन, कापडाची टंचाई, घासलेटसाठी रांगा. वऱ्हाडचा आखूड धाग्याचा कापूस मोठ्या प्रमाणावर घेणारा जपान, तो १९४१ साली शत्रू झाला आणि गिऱ्हाईक गेले. ब्रह्मदेश १९४२ मध्ये पडला, तेथला तांदूळ बंद झाला आणि पुढच्या वर्षी बंगालात ३० लाखांच्या आसपास माणसे अन्नावाचून मेली. फौजेत या वेळी २५ लाख गेले, मेले ८७ हजार. पुन्हा तीच तऱ्हा. रणावरच्यांना दगड आणि घरच्यांना राख. बंगालच्या रस्त्यांवर मेलेल्यांची नावे तर त्यांच्या शेजारच्या गावालाही ठाऊक नसतील.

याच्या उलट एक उदाहरण माझ्या वाचनात आले. जपानात हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब पडला. तेथल्या स्मारकाच्या शिळेखाली मृतांच्या नावांच्या वह्या ठेवलेल्या आहेत आणि दर वर्षी त्याच तारखेला, त्या वर्षात कळलेली नवी नावे लिहून त्यांत भर घालतात. फक्त शिपायांची नव्हे, बायकांची, लेकरांची, म्हाताऱ्यांचीही. शिपायाला एक न्याय आणि स्वयंपाकघरातल्या बाईला दुसरा, असे तेथे नाही.

कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही शिपायांचे स्मरण करता म्हणजे युद्धाचेच पोवाडे गाता. त्यांनी माणसे मारलीच की. हे पाप कोणाचे? हा प्रश्न हलका नाही. गीतेतही तो पहिल्याच अध्यायात येतो. पण तेथे एक गोष्ट घडली ती आमच्या शिपायाच्या वाट्याला आली नाही. अर्जुनाने दोन सैन्यांच्या मध्ये रथ थांबवायला सांगितले आणि तो थांबला. त्याने समोरचे चेहरे पाहिले, ओळखले, शस्त्र खाली ठेवले आणि मनातले सगळे बोलून टाकले. भगवंतांनी त्याला बोलू दिले. ज्ञानोबामाउलींनी त्या कालवाकालवीचे केलेले वर्णन वाचताना गळा दाटून येतो. ११ रुपयांवर गेलेल्या शेतकऱ्याचा रथ कोणी थांबवला? समोरचा तुर्क शेतकरीही त्याच्यासारखाच कोणीतरी धाडलेला. दोघांना एकमेकांची भाषा कळत नव्हती आणि भांडण दोघांचेही नव्हते. ज्याला प्रश्न विचारण्याची जागाच ठेवली नाही, त्याच्या माथी सारे पाप मारणे मला अन्यायाचे वाटते. त्याला अगदी निर्लेप म्हणणेही मला जमत नाही, कारण त्याच्या गोळीने मेलेल्याच्या घरीही कोणी पानावर वाढत असेल. मी एवढेच म्हणतो की त्याचे नाव घेतले म्हणजे युद्धाचा गौरव होतो, असे नाही. गौरव आकड्याने होतो. इतके हजार कामी आले म्हटले की छाती फुगते. एकेक नाव घेऊ लागले, त्याची बायको किती वर्षांची होती, अंगावर पोर होते की पोटात होते, घरावर कर्ज किती होते, असे विचारू लागले की छाती फुगत नाही, मान खाली जाते.

त्या शेतकऱ्याला मी पुढच्या गुरुवारी बाजारात गाठले. माझ्या नातवाच्या फोनवर आयोगाच्या नोंदवह्या पाहता येतात, निदान काही पाहता येतात, असे त्याला सांगितले. तो हसला. म्हणाला, "गुरुजी, नाव शोधाले आंधी नाव पाह्यजे ना." खरेच होते. मी ओशाळलो. मग त्यानेच एक गोष्ट सांगितली. त्याच्या घरी पितळेसारखी एक गोल थाळी होती म्हणे, तळहाताहून जरा मोठी, तिच्यावर सिंह आणि हातात काही धरलेली एक बाई. इंग्रजी अक्षरेही होती. कोणाला ती वाचता येत नव्हती. बायकांनी बरीच वर्षे ती घागरीवर झाकण म्हणून वापरली आणि एका वाईट सालात मोडीत घातली.

मी ऐकून गप्प झालो. ती थाळी मी चित्रात पाहिली आहे. पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या घरी इंग्रज सरकार ती पाठवी. काशाची असे, आणि तिच्यावर मेलेल्याचे नाव उठवलेले असे, पदाशिवाय, नुसते नाव. म्हणजे बसऱ्याच्या दगडावर नव्हते ते नाव त्याच्या घरी घागरीवर होते, रोज पाणी भरताना बायकांच्या हाताखाली होते. हे त्याला सांगावे की न सांगावे, मला कळेना. शेवटी सांगितले. तो खाली बसला, बराच वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करीत राहिला. मग म्हणाला, "मंग ते होतं म्हणा आमच्याच घरात."

"होतं," मी म्हणालो.

सर्वपित्री अमावास्येला त्याने मला जेवावयास बोलावले. डव्ह्याकडच्या रस्त्याने पायीच गेलो. पाऊस उघडला होता, सोयाबीन पिवळे पडत चालले होते. शेगावची पालखी ज्येष्ठात याच वाटेने मेडशीहून येते आणि मालेगावावरून शिरपूर-रिसोडकडे जाते, तेव्हा हेच शेतकरी तिला वाटेत पाणी देतात. घरी पाने मांडली होती. त्याने एक पान बापाचे म्हणून वाढले, एक आजाचे. तिसऱ्या पानाशी तो थांबला. आत त्याची म्हातारी आई भिंतीला टेकून बसली होती, ती म्हणाली, "काहून थांबला रे? बुढीचं नाव तं ठाव हाय ना आपल्याले?"

बुढी म्हणजे त्याची पणजी. नवरा बसऱ्याला गेल्यावर दुसऱ्यांच्या शेतात निंदण-खुरपण करून, मानमोडीत एक लेक गमावून, राहिलेला एक मुलगा तिने वाढवला. गावात त्या घराला अजून तिच्याच नावाने ओळखतात, म्हणून तिचे नाव राहिले. ते मी येथे छापत नाही, त्यांच्या घरचे आहे. त्याने तिसरे पान वाढले, त्यावर पाण्याची धार फिरवली आणि तिचे नाव घेऊन, तिचा धनी, असे म्हणून नमस्कार केला. म्हातारीने हात जोडले. मग चौथे पान मांडायला सांगून ती म्हणाली, "हे तिचं."